शातो दिकेम

शातो दिकेम (शब्दशः अर्थ: इकेमची गढी) हा फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील जिरोंद विभागात, बोर्दो शहराच्या आग्नेयेस सोतेर्न येथे असलेला ऐतिहासिक द्राक्षमळा व वाइननिर्मितीचे केंद्र आहे. बुरशी चढलेल्या द्राक्षांपासून बनवल्या जाणाऱ्या गोड पांढऱ्या वाइनसाठी तो प्रसिद्ध आहे. १८५५ च्या प्रतवारीत या मळ्याला सोतेर्नमधील सर्व मळ्यांच्या वरचे स्वतंत्र स्थान देण्यात आले. हंगाम प्रतिकूल असल्यास त्या वर्षीची गोड वाइन स्वतःच्या नावाने बाजारात न आणण्याची परंपरा हे या मळ्याचे वैशिष्ट्य होय.

इतिहास

१५९३ मध्ये जाक सोव्हाज याने इकेमच्या जमिनीचे सरंजामी हक्क मिळवले. १७११ मध्ये हे घराणे मळ्याचे पूर्ण मालक झाले. १७८५ मध्ये वारसदार फ्रांस्वाझ जोसेफीन द सोव्हाज हिचा विवाह काउंट लुई आमेदे द ल्यूर-साल्यूस याच्याशी झाला व मळा ल्यूर-साल्यूस घराण्याकडे आला. विवाहानंतर अवघ्या तीन वर्षांत पतीचे निधन झाल्याने सर्व कारभार फ्रांस्वाझ जोसेफीनवर येऊन पडला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तिला दोनदा तुरुंगवास घडला, तरीही तिने मळा हातचा जाऊ दिला नाही. १८२६ मध्ये तिने वाइन मुरवण्यासाठी कोठार बांधून घेतले. १८५१ मध्ये तिचा मृत्यू झाला.

पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी फ्रान्समध्ये राजदूत असताना इकेमच्या १७८४ सालच्या वाइनच्या २५० बाटल्या मागवल्या होत्या. १८५५ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सूचनेवरून बोर्दोच्या वाइनची प्रतवारी करण्यात आली. तीत ‘प्रमिए क्र्यू स्युपेरिअर’ (श्रेष्ठ प्रथम श्रेणी) हा दर्जा केवळ इकेमला मिळाला.

भूगोल आणि ‘उदात्त कुज’

मळ्याजवळून सिरों ही छोटी नदी वाहते व पुढे गारोन नदीला मिळते. सिरोंचे पाणी थंड, तर गारोनचे तुलनेने उबदार असते. त्यामुळे शरद ऋतूत रात्री व पहाटे दाट धुके पडते आणि दुपारच्या उन्हाने ते विरते. या दमट-कोरड्या चक्रात पिकलेल्या द्राक्षांवर बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी वाढते. ती द्राक्षाची साल सच्छिद्र करते, आतील पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल व सुगंधी द्रव्ये दाट होतात. या प्रक्रियेला ‘उदात्त कुज’ म्हणतात. मात्र पाऊस लांबला, तर हीच बुरशी सामान्य करड्या कुजीचे रूप घेते व पीक नासवते.

मळ्याचे क्षेत्र सुमारे १०० हेक्टर आहे. लागवडीत सेमियों या जातीचे प्रमाण अधिक असून उर्वरित वेली सोव्हिन्यों ब्लां जातीच्या आहेत. जमिनीवरच्या थरात खडे असून खाली चिकणमाती आहे. पाणी साचू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या निचरा-नळ्या जमिनीखाली घालण्यात आल्या.

तोडणी व वाइननिर्मिती

बुरशी सर्व घडांवर एकाच वेळी चढत नाही. म्हणून मजूर एकाच मळ्यातून अनेक फेऱ्या करतात व प्रत्येक फेरीत केवळ योग्य अवस्थेतील मणी हाताने खुडतात. अशा फेऱ्या साधारणतः पाच-सहा होतात आणि तोडणी कित्येक आठवडे चालते. द्राक्षे वेलीवर जितकी अधिक काळ ठेवावीत तितका पावसाचा धोका वाढतो. मात्र घाई केल्यास रस पुरेसा दाट होत नाही.

रस काढल्यावर तो ओकच्या नव्या पिपांत आंबवला जातो व वाइनही पिपांतच मुरते. पूर्वी हा काळ तीन वर्षांहून अधिक असे. अलीकडे तो कमी करण्यात आला आहे. पिपांतील वाइन बाष्पीभवनाने घटते, म्हणून ती वारंवार भरून काढावी लागते. शेवटी प्रत्येक पिपातील वाइन चाखून मिश्रणासाठी निवड केली जाते.

सोतेर्नच्या नियमांनुसार हेक्टरी २,५०० लिटरपर्यंत उत्पादनास परवानगी आहे. इकेमची सरासरी त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. एका वेलीपासून जेमतेम एक पेला वाइन मिळते, असे म्हटले जाते.

वाइन न आणलेली वर्षे

विसाव्या शतकात १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४ आणि १९९२ या नऊ वर्षांची गोड वाइन इकेमच्या नावाने विकण्यात आली नाही. २०१२ मध्येही हाच निर्णय घेण्यात आला. अशा वर्षी मळ्याला मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागते.

१९५९ पासून मळ्यात ‘इग्रेक’ नावाची कोरडी पांढरी वाइनही बनवली जाते.

मालकी

१९९६ मध्ये घराण्यातील काही भागधारकांनी आपला हिस्सा एलव्हीएमएच या उद्योगसमूहाला विकला. कारभार पाहणारे आलेक्सांद्र द ल्यूर-साल्यूस यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. १९९९ मध्ये तडजोड होऊन बहुसंख्य भागभांडवल समूहाकडे गेले, तर आलेक्सांद्र २००४ पर्यंत व्यवस्थापक राहिले. त्यांच्यानंतर पिएर ल्यूर्तों यांनी कारभार हाती घेतला.

२०११ मध्ये इकेमची १८११ सालची एक बाटली ७५,००० पौंडांना विकली गेली. पांढऱ्या वाइनच्या बाटलीसाठी तो त्या वेळचा विक्रम होता.