छायाचित्रांच्या वाटेवरचा नाका

अमेरिकेत छायाचित्रांवर केंद्र सरकारची नजर बसली ती टपालाच्या निमित्ताने. राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने 1791 पासून मुद्रणस्वातंत्र्याला संरक्षण दिलेले असल्यामुळे छापखान्याला कुलूप ठोकणे अवघड होते. टपालखाते मात्र सरकारच्या मालकीचे होते. 3 मार्च 1873 रोजी अमलात आलेल्या कॉमस्टॉक कायद्याने अश्लील पुस्तके आणि चित्रे, एवढेच नव्हे तर गर्भनिरोधक साधने व त्यांची माहितीही टपालाने पाठवणे गुन्हा ठरवले. या कायद्यासाठी धडपडणारा अँथनी कॉमस्टॉक टपालखात्याचाच विशेष अधिकारी झाला आणि पाकिटे जप्त करत हिंडू लागला. चित्राला थेट हात न लावता त्याची वाट अडवायची, ही पद्धत तेव्हापासूनची. नाके तेवढे बदलत गेले.

दुसऱ्या महायुद्धात हा नाका रणभूमीवर गेला. 19 डिसेंबर 1941 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सेन्सॉरशिप कार्यालय स्थापन केले आणि असोसिएटेड प्रेसचे बायरन प्राइस यांना प्रमुख नेमले. वृत्तपत्रांनी आपणहून पथ्य पाळावे अशी त्या कार्यालयाची रीत होती. पण आघाडीवर काढलेले छायाचित्र लष्करी तपासनिसांच्या हातून सुटल्याशिवाय संपादकापर्यंत पोहोचतच नसे. मृत अमेरिकी सैनिकांची छायाचित्रे बाजूला काढली जात. न्यू गिनीतील बुना किनाऱ्यावर जॉर्ज स्ट्रॉक यांनी टिपलेले असेच एक छायाचित्र महिनोन्‌महिने अडकून पडले होते. तीन सैनिक ओल्या वाळूत निपचित पडले आहेत, एकाचाही चेहरा ओळखू येत नाही, मागे निकामी झालेली बोट आहे. ‘लाइफ’ साप्ताहिकाने ते 20 सप्टेंबर 1943 च्या अंकात छापले, कारण तोवर सरकारचेच मत बदलले होते. लोक युद्धाबाबत गाफील होत आहेत, त्यांना किंमत कळू द्यावी, असे वॉशिंग्टनला वाटू लागले होते. बंदी घालण्यात सरकारचा जसा हेतू असतो, तसा ती उठवण्यातही असतो.

1991 च्या आखाती युद्धात डेलावेअर राज्यातील डोव्हर हवाई तळावर उतरणाऱ्या शवपेट्यांची छायाचित्रे घेण्यास वृत्तमाध्यमांना मनाई झाली. मृतांच्या कुटुंबीयांचा खासगीपणा हे कारण पुढे करण्यात आले. इराक युद्धात ही मनाई टिकली, पण छायाचित्राच्या वाटा आता वाढल्या होत्या. एप्रिल 2004 मध्ये ‘द मेमरी होल’ हे संकेतस्थळ चालवणाऱ्या रस किक यांनी माहितीच्या अधिकाराचा कायदा वापरून हवाई दलाकडून 361 छायाचित्रे मिळवली आणि ती इंटरनेटवर टाकली. ध्वजात गुंडाळलेल्या पेट्यांच्या रांगा लवकरच देशभरच्या वृत्तपत्रांत झळकल्या. ही छायाचित्रे सरकारी छायाचित्रकारांनीच काढलेली होती. ती देण्यात चूक झाली, असे पेंटागॉनने सांगितले. मनाई शिथिल झाली ती 2009 मध्ये, तीही कुटुंबाच्या संमतीच्या अटीवर.

इंटरनेटवरील पहिला मोठा संघर्ष याआधीच झाला होता. 8 फेब्रुवारी 1996 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या ‘कम्युनिकेशन्स डीसेन्सी अ‍ॅक्ट’ने अल्पवयीनांना दिसू शकेल असा ‘असभ्य’ मजकूर ऑनलाइन ठेवणे गुन्हा ठरवले. 26 जून 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रेनो’ खटल्यात ती कलमे रद्द केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 66अ कलम रद्द करताना याच निकालाचा आधार घेतला. त्या अमेरिकी कायद्यातले एक कलम मात्र शाबूत राहिले. कलम 230 नुसार वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला सहसा जबाबदार धरता येत नाही. फ्लिकर, फोटोबकेटसारखी छायाचित्रांची संकेतस्थळे याच सावलीत वाढली. लगाम घालायला निघालेल्या कायद्याच्या पोटी हे स्वातंत्र्य यावे, हा योग विलक्षणच.

थेट बंदी टिकत नाही म्हटल्यावर सरकारने पुन्हा वाट अडवण्याचीच पद्धत धरली. डिसेंबर 2000 च्या ‘चिल्ड्रेन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ने इंटरनेटसाठी केंद्राचे अनुदान हवे असलेल्या शाळा-ग्रंथालयांना फिल्टर बसवणे भाग पाडले. हा कायदा अक्षरांसाठी नाही, फक्त चित्रांसाठी आहे. पण तेव्हाच्या फिल्टरला चित्र कळत नसे. तो सहसा यादी पाही आणि अख्खे संकेतस्थळ बंद करी. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. प्रौढ वाचकाने ग्रंथपालाला सांगितले की फिल्टर काढता येतो, हे त्यामागचे एक कारण. कुठले पान उघडायचे आहे ते काउंटरवर चारचौघांत सांगायला किती जण धजावतील, हा वेगळा प्रश्न. 2006 मध्ये सोशल नेटवर्किंगवरही असेच निर्बंध आणणारे विधेयक प्रतिनिधिगृहात 410 विरुद्ध 15 मतांनी संमत झाले. सिनेटमध्ये ते बारगळले.

मे 2007 मध्ये संरक्षण विभागाने आपल्या संगणकजाळ्यावर 13 संकेतस्थळे बंद केली. त्यांत यूट्यूब व मायस्पेसबरोबर फोटोबकेटही होते. जाळ्यावरचा भार आणि सुरक्षितता ही कारणे देण्यात आली. खासगी जोडणीवरून ती पाहायला मनाई नव्हती; पण इराक-अफगाणिस्तानातील दूरच्या ठाण्यांवर लष्करी जाळ्याशिवाय दुसरी जोडणी मिळणे कठीण, त्यामुळे घरच्यांशी छायाचित्रांची देवाणघेवाण अनेकांना अवघड झाली. फेब्रुवारी 2010 च्या नव्या धोरणाने ही संकेतस्थळे सर्वसाधारणपणे खुली झाली.

पुढचा नाका स्वामित्वहक्काच्या नावाने उभा राहणार होता. बेकायदा प्रती वाटणाऱ्या परदेशी संकेतस्थळांची वाट तोडणाऱ्या ‘सोपा’ विधेयकाविरुद्ध 18 जानेवारी 2012 रोजी इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद राहिला. फ्लिकरने त्या दिवशी सदस्यांना निषेध म्हणून छायाचित्रे काळवंडून टाकण्याची सोय दिली. काही दिवसांतच विधेयक बाजूला पडले. एप्रिल 2018 मध्ये मात्र ‘फोस्टा’ कायद्याने कलम 230 ला पहिले मोठे भगदाड पाडले. देहव्यापारासाठी होणाऱ्या मानवी तस्करीला आळा घालणे हा त्याचा उद्देश. तो संसदेत संमत होताच, सही होण्यापूर्वीच, क्रेग्जलिस्ट या जाहिरातींच्या संकेतस्थळाने व्यक्तिगत जाहिरातींचा विभाग स्वतःहून बंद केला.

त्यानंतरचा नाका अ‍ॅप स्टोअरवर बसला. 17 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने टिकटॉक या चित्रफितींच्या अ‍ॅपविषयीचा कायदा एकमताने उचलून धरला. चिनी मालकी न सोडल्यास अ‍ॅप स्टोअरने ते अ‍ॅप देऊ नये, असे त्या कायद्यात म्हटले आहे. चित्रफितींवर त्यात एकही निर्बंध नाही. दंडाची तरतूद आहे ती अ‍ॅप पुरवणाऱ्या आणि चालू ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी.