अर्ध्या पुलावरचा बाजार

मागच्या बैठकीत आपल्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "बारा वर्षं मी त्याच जागेवर भाजीची पाटी घेऊन बसते. एक दिवस येऊन मला उठ म्हणाले. मग इतकी वर्षं मी कुणाच्या जागेवर बसले?" सगळ्या गप्प झाल्या. मलाही लगेच उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र मला डरबनच्या बायका आठवल्या. त्यांनी हाच प्रश्न लावून धरला होता.

डरबन हे दक्षिण आफ्रिकेतलं समुद्रकाठचं मोठं बंदर. मी तिथं गेलेली नाही, पण त्या बाजाराबद्दल पुष्कळ वाचलंय. तिथल्या वॉरविक भागात पाहुण्यांचे गट पायी फिरवतात, आणि वाट दाखवतात त्या बाजारातलेच विक्रेते. आज आपणही तसा एक गट करून निघू.

सुरुवात भाजीबाजारापासून. या बाजाराचं नावच 'पहाटेचा बाजार'. त्याची मुळं आपल्या देशापर्यंत येतात. १८६० साली मद्रासहून मजुरांचं पहिलं जहाज डरबनला लागलं. उसाच्या मळ्यात ठरावीक वर्षं राबायचं, असा करार असे. करार संपल्यावर अनेकांनी शहराच्या कडेला तुकडाभर जमीन धरली, भाजी पिकवली आणि ती विकायला शहरात आणली. आधी ही माणसं रस्त्याकडेला बसायची. पुढं त्यांना बाजार मिळाला. पहाटेच्या बाजाराची सुरुवात १९१० सालची धरतात.

भाजीबाजारातून बाहेर पडलं की गर्दी अंगावर येते. रेल्वे स्टेशन, बसथांबे, टॅक्सीतळ सगळं एकाच ठिकाणी. रोज साधारण साडेचार लाख माणसं इथून जातात. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हजारो विक्रेते पोट भरतात. एका बाजूला बायका मोठाल्या पिंपांत मक्याची कणसं उकडतात. दुसरीकडं मण्यांच्या माळा. पुढं जनावराच्या डोक्याचं मांस शिजतंय. झुलू लोकांत हा वाटा पुरुषांचा मानतात, पण इथं तो शिजवून विकतात बायका.

आता जिना चढून पुलावर या. हा पूल मोठ्या रस्त्यासाठी बांधायला घेतला आणि अर्धाच राहिला. त्यावरून गाडी कधी गेली नाही. आज तिथं झाडपाल्याच्या औषधांचा बाजार आहे. मुळ्या, साली, कंद, सुकलेला पाला असे ढीग दिसतात. विकणाऱ्यांत बायकाच जास्त. पूर्वी याच बायका खाली फूटपाथवर बसायच्या. लांबच्या खेड्यांतून माल घेऊन यायच्या आणि रात्री त्या मालाशेजारीच झोपायच्या, पाऊस असो की थंडी.

मग फूटपाथवरून पुलापर्यंत त्या आल्या कशा?

वर्णभेदाच्या राजवटीत काळ्या माणसाला शहरात धंदा करणं जवळजवळ अशक्य होतं. फेरीवाल्यानं एका जागी थोडाच वेळ थांबायचं, मग पुढं सरकायचं, असे नियम होते. पोलीस माल उचलून न्यायचे. १९९१ च्या कायद्यानं ही बंधनं सैल झाली आणि बायका मोठ्या संख्येनं रस्त्यावर बसू लागल्या. बसायला मिळालं, पण पाणी नाही, संडास नाही, डोक्यावर छप्पर नाही.

तेव्हा डरबनमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्या बायकांची एक संघटना उभी राहिली. तिच्यापुढं नमुना होता अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेचा. ती इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये सुरू केली होती. डरबनच्या बायकांच्या मागण्या अगदी साध्या होत्या: पाणी, संडास, सावली, माल ठेवायला जागा, लेकरांना सांभाळायची सोय. त्या नगरपालिकेसमोर बसून बोलायला शिकल्या. पुढं नगरपालिकेनंही विक्रेत्यांना विचारून हा भाग सुधारायला घेतला. त्यातूनच त्या अर्ध्या पुलावर छपराचे गाळे झाले.

पण एकदा मिळालं म्हणजे कायमचं मिळालं, असं होत नाही. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक भरणार होता. त्याआधीच्या वर्षी नगरपालिकेनं ठरवलं, पहाटेचा बाजार पाडायचा आणि तिथं मॉल उभा करायचा. बाजाराला शंभरी भरायला एक वर्ष उरलं होतं. विक्रेते रस्त्यावर उतरले, पोलिसांशी झटापटी झाल्या. भाजीवाले, हमाल, वकील, अभ्यासक एकत्र आले, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी नगरपालिकेला तो बेत सोडावा लागला. बाजार जिथल्या तिथं राहिला.

आज पाहुण्यांना फिरवणारे विक्रेते हा सगळा इतिहास स्वतःच्या तोंडानं सांगतात. त्यांना तयार केलं 'असिये एताफुलेनी' या २००८ मध्ये सुरू झालेल्या संस्थेनं. पाहुणा कणीस खातो आणि या बाईंनी ही जागा कशी टिकवली, तेही ऐकतो. बाजार पुन्हा कुणी पाडायला आलं, तर तो काय आहे हे ठाऊक असलेली चार माणसं जास्त असतात.

आता आपल्या ताईंचा प्रश्न. आपल्याकडं २०१४ पासून पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण करणारा कायदा आहे. तो शहरांना लागू होतो, नगरपंचायतही त्यात आली. आधी विक्रेत्यांची पाहणी करायची, ती होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं तो सांगतो. शहरात पथविक्री समिती असावी लागते. तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात. आपल्या तालुक्याच्या गावी ही समिती आहे का, पाहणीत आपली नावं आहेत का, हे आपण कधी विचारलंच नव्हतं. येत्या सोमवारी गटातर्फे लेखी अर्ज देऊन विचारणार आहोत.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं, तेव्हा त्या ताई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बिस्किटाचा जुना डबा घेऊन माझ्या दारात आल्या. आत बाजार वसुलीच्या पावत्या होत्या, रबर लावून वर्षावर्षाचे गठ्ठे केलेले. "फेकवत नव्हत्या," म्हणाल्या. अर्जाला त्यांच्या प्रती जोडायच्या आहेत. तुमच्या घरी अशा पावत्या असतील, तर सोमवारी घेऊन या.