खासगी शाळेत पैसा कुणाचा?

उन्हाळा सरत आला की घराघरांत एकच हिशोब सुरू होतो. लेकराला कुठल्या शाळेत घालायचं? जिल्हा परिषदेच्या, की दारात पिवळी गाडी येते त्या? फीसाठी कुणी गटातून कर्ज उचलतं, कुणी शेळी विकतं. पुष्कळ घरांत असंही होतं, की मुलगा गाडीत बसतो आणि मुलगी चालत जाते.

आज आपण या फीच्या मागचा इतिहास बघू. खासगी शाळा काल-परवा आल्या असं आपल्याला वाटतं. तसं नाही. त्या दीडशे वर्षांहून जुन्या आहेत. बदलत गेली ती एकच गोष्ट : त्यांना पैसा कोण देणार.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. ती सरकारी नव्हती. सहा वर्षांनी, १८५४ मध्ये, विलायतेहून चार्ल्स वुड यांचा खलिता आला. त्यातलं धोरण थोडक्यात असं : सगळ्या शाळा सरकार स्वतः काढू शकणार नाही. लोकांनी काढाव्यात, नियम पाळावेत, तपासणी होऊ द्यावी. मग सरकार खर्चाला मदत करील. या मदतीलाच आपण अनुदान म्हणतो.

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला. जोतीरावांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं होतं, की सारा भरतो शेतकरी, पण त्या पैशातून शिकतात वरच्या वर्गातली मुलं. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, शेतकरी समाजातून शिक्षक तयार करा, आणि सरकारनं शाळांमधून अंग काढून घेऊ नये. आयोगानं प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवाव्यात असं सुचवलं आणि वरचं शिक्षण हळूहळू खासगी संस्थांनी चालवावं असा सल्ला दिला. सक्ती मात्र झाली नाही.

ती केली एका संस्थानानं. १९१७ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. लेकराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड ठेवला.

दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटाला घालायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. रयतच्या शाळाही खासगीच बरं का! कारण त्या संस्थेच्या आहेत, सरकारच्या नाहीत. पण कमाई करायला त्या निघाल्या नव्हत्या.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात अशी वाटणी झाली : गावातली प्राथमिक शाळा बहुतेक करून जिल्हा परिषदेची आणि हायस्कूल एखाद्या संस्थेचं. हायस्कूल संस्थेचं असलं तरी शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून. १९७७ च्या कायद्यानं या शिक्षकांच्या नोकरीला संरक्षण मिळालं. ऐंशीच्या दशकात मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मोफत झालं. आपल्यातल्या कितीतरी जणी दहावीपर्यंत पोचल्या त्या अशाच शाळांमुळे. शाळा खासगी, पण फीचं ओझं आईबापांवर नाही, हे अनुदानामुळे जमलं.

मग सरकारनं हात आखडता घ्यायला सुरुवात केली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. डोनेशनचा बोभाटा इतका झाला, की १९८७ मध्ये ते रोखायला कायदा करावा लागला. पुढे हीच वाट शाळांकडे वळली. २००१ च्या सुमारास नव्या शाळांना परवानगी मिळू लागली ती ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून. म्हणजे शाळा काढा, पण सरकारकडे पैसे कधीच मागू नका.

याचा भार कुणावर पडला? शिक्षकांवर आणि पालकांवर. कितीतरी शिक्षकांनी वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर शिकवलं. शाळा सुटली की कुणी शेतात राबायचं, कुणी दुकानात. त्यांनी आंदोलनं केली, तेव्हा २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द निघाला. अनुदान आलं ते २०१६ पासून, तेही वीस टक्क्यांच्या टप्प्यानं. एक शब्द काढायला आठ वर्षं, आणि पैसे सुरू व्हायला आणखी सात. दरम्यान २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. अशा शाळांचा सगळा खर्च फीमधूनच निघतो. पिवळ्या गाडीच्या बऱ्याच शाळा या प्रकारातल्या आहेत.

याच काळात उलट्या दिशेनंही एक पाऊल पडलं. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळेनं पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना मोफत द्यायच्या आणि त्यांचा खर्च सरकारनं शाळेला परत करायचा. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळल्या आहेत. संस्थाचालक सर्वोच्च न्यायालयात गेले, पण २०१२ मध्ये कायदा टिकला.

तरी धोका संपला नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी शाळेला या २५ टक्के जागांतून सूट मिळणार होती. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली, जुलैमध्ये न्यायालयानं तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. हजारो लेकरांचं दार बंद होता होता उघडं राहिलं.

मैत्रिणींनो, या इतिहासातून काय घ्यायचं? खासगी शाळा चांगली की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. सरकारनं पैसा घातला तेव्हा संस्थेच्या शाळेतही गरिबाची मुलगी बसली. सरकारनं हात काढला तेव्हा शाळेचं दार फीच्या मापाचं झालं. आणि फीचं दार अरुंद झालं, की घरात आधी मुलीला मागे ठेवतात.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन कामं करा. पहिलं, आसपासची कोणती शाळा अनुदानित आहे, कोणती विनाअनुदानित, कोणती स्वयंअर्थसहाय्यित, याची यादी करा. शाळेला मान्यता आहे का तेही विचारा. दुसरं, २५ टक्के जागांची चौकशी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात करा. अर्ज ऑनलाइन असतात, तेव्हा जूनची वाट बघू नका, जानेवारीपासूनच कान उघडे ठेवा. दाखले आधी काढून ठेवा आणि मुलीचाही अर्ज भरा. तिसरं, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. तिथं नुसती सही करून उठू नका. शाळेला किती पैसे आले, कुठे खर्च झाले, शिक्षक किती कमी आहेत, हे विचारा.

सारा भरणाऱ्याच्या लेकरासाठी तो पैसा कुठे आहे, असं जोतीरावांनी १८८२ साली विचारलं होतं. आज तेल घेताना, एसटीचं तिकीट काढताना आपणही सरकारला काही ना काही देतोच. तोच प्रश्न विचारायचा आपलाही हक्क आहे.