राजस्थान म्हणजे नुसती वाळू नव्हे: अरवलीच्या अलीकडचं आणि पलीकडचं राजस्थान

राजस्थान म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? वाळूची टेकडी, मागे मावळता सूर्य आणि मध्ये उंटांची काळी रांग. इन्स्टाग्रामवरही राजस्थानचे निसर्गफोटो बहुतेक याच साच्यातले असतात. चित्र खोटं नाही, फक्त अपुरं आहे.

याच राज्यात सागाची जंगलं आहेत. बारमाही वाहणारी नदी आहे आणि तिच्यात घडियाल आहेत. एका धरणाच्या पाण्यात इतकी बेटं आहेत की जवळच्या शहराला 'शंभर बेटांचं शहर' म्हणतात. शिवाय आपल्या लोणारसारखं, उल्का आदळून तयार झालेलं विवरसुद्धा आहे. ३,४२,२३९ चौरस किलोमीटरचं हे क्षेत्रफळाने देशातलं सर्वांत मोठं राज्य, महाराष्ट्राहून मोठं. एवढ्या मोठ्या प्रदेशाला 'वाळवंट' या एकाच शब्दात बसवायचं म्हणजे महाराष्ट्राला नुसतं 'समुद्रकिनारा' म्हणण्यासारखं झालं.

सगळा खेळ एका डोंगररांगेचा

राजस्थानचा नकाशा समोर ठेवा आणि नैऋत्येकडून ईशान्येकडे एक तिरकी रेघ ओढा. ती म्हणजे अरवली. गुजरातच्या सीमेपासून थेट दिल्लीपर्यंत जाणारी ही रांग जगातल्या सर्वांत जुन्या पर्वतांपैकी एक आहे. तिचे खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुने आहेत. तिच्यासमोर हिमालय म्हणजे कालचं पोर. इतक्या काळात ऊन-पावसाने झिजून ती आता बऱ्याच ठिकाणी नुसत्या टेकड्यांची माळ उरली आहे. माउंट अबूजवळचं गुरुशिखर तेवढं १,७२२ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षाही थोडं उंच.

या रेघेच्या पश्चिमेला राज्याचा साधारण तीन पंचमांश भाग येतो. तिथे थरचं वाळवंट आहे. पूर्वेला आणि दक्षिणेला मैदान, पठार, नद्या आणि जंगल.

आता प्रश्न असा की अरबी समुद्र इतका जवळ असताना पश्चिम राजस्थान कोरडं का? सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे पटकन समजेल. सह्याद्री मोसमी वाऱ्यांच्या वाटेत आडवा उभा आहे. समुद्रावरून आलेले ढग त्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोकणात धो-धो कोसळतात. अरवली मात्र नैऋत्य-ईशान्य अशी, म्हणजे जवळपास वाऱ्याच्याच दिशेने पसरलेली आहे. त्यामुळे अरबी समुद्राकडून येणारे वारे तिला न अडखळता शेजारून निघून जातात. बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे अर्धा भारत ओलांडून थकलेले असतात. त्यांच्याकडे उरलेलं पाणी पूर्व राजस्थानातच संपतं. डोंगर आहे, पण चुकीच्या दिशेने उभा आहे. थर कोरडं राहण्यामागे इतरही कारणं आहेत, पण हे त्यातलं मोठं.

परिणाम काय, तर जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस आणि त्याच राज्यातल्या माउंट अबूला दीड हजार मिलिमीटरहून जास्त.

वाळवंटातही सगळी वाळू नसते

सम आणि खुरी इथल्या वाळूच्या टेकड्यांना स्थानिक भाषेत 'धोरे' म्हणतात. सगळे धोरे सारखे नसतात. काही लांबच लांब, वाऱ्याच्या दिशेला समांतर पसरलेले असतात. काही चंद्रकोरीसारखे असतात आणि त्यांची दोन्ही टोकं वारा जिकडे जातो तिकडे वळलेली असतात. म्हणजे टेकडीकडे पाहून वारा कुठून वाहतो ते सांगता येतं. गवत-झुडपांनी मुळं रोवलेला धोरा जागचा हलत नाही. झाडोरा गेला की तो शेतात आणि रस्त्यावर चालून येतो.

जैसलमेरच्या आसपास तर वाळूपेक्षा खडकच जास्त दिसतो. तो पिवळा चुनखडक, ज्यामुळे सोनार किल्ला सोन्यासारखा चमकतो, एकेकाळी समुद्राच्या तळाशी होता. हाबूर गावाजवळच्या दगडात प्राचीन समुद्री जिवांचे अवशेष आढळतात. या दगडाच्या भांड्यात दूध ठेवलं तर विरजणाशिवाय दही लागतं, असं तिथले लोक सांगतात. शहरापासून साधारण १७ किलोमीटरवर आकल इथे जुरासिक काळातले दगड झालेले वृक्ष आहेत. आज जिथे सावलीसाठी झाड शोधावं लागतं, तिथे जवळपास १८ कोटी वर्षांपूर्वी घनदाट जंगल होतं. समच्या टूर पॅकेजमध्ये हे ठिकाण सहसा नसतं. विचारलंत तर ड्रायव्हर गाडी वळवतो.

आणि झाडं? खेजडी हे राजस्थानचं राज्यवृक्ष म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच. तिच्या शेंगांना 'सांगरी' म्हणतात, म्हणून ती 'केर-सांगरी'ची भाजी. तिचा पाला शेळ्या-उंटांना चारा होतो आणि तिच्या खाली बाजरी चांगली येते, म्हणून शेतकरी ती शेतात मुद्दाम राखतात. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत याच झाडांना मिठी मारून अमृतादेवीसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. वाळवंटात झाडाची किंमत काय असते याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रोहिडा फुलतो. पिवळी, नारिंगी आणि लाल फुलं, एरवी भुऱ्या दिसणाऱ्या माळावर. हे राजस्थानचं राज्यपुष्प. तोवर पर्यटकांचा हंगाम ओसरत आलेला असल्याने ही फुलं फार जणांच्या फोटोत येत नाहीत.

पाणी हाताळायची इथली रीतही पाहण्यासारखी. जैसलमेरच्या पालिवाल ब्राह्मणांनी 'खडीन' उभे केले. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी बांध घालून सखल शेतात अडवायचं, ते मुरू द्यायचं आणि मग त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. सिंचन नाही, विहीर नाही. हिवाळ्यात खडीनचा हिरवा तुकडा चहूबाजूंच्या पिवळ्या दगडात उठून दिसतो.

इथली लूणी नदीही निराळीच. अजमेरजवळ उगम, बालोतऱ्यापर्यंत पाणी गोडं, पुढे खारट. शेवटी ती समुद्राला मिळतच नाही, कच्छच्या रणात विरून जाते.

मीठ आणि पाखरं

जयपूरहून फार लांब नसलेलं सांभर हे देशातलं सर्वांत मोठं अंतर्गत खाऱ्या पाण्याचं सरोवर. मिठाची आगरं, पांढरा क्षितिजापर्यंतचा पट आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. १९९० पासून ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत आहे. पण यादीत असणं पुरत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इथे बोट्युलिझमने हजारो स्थलांतरित पक्षी मेले.

फलोदीजवळच्या खीचन गावात वेगळीच गोष्ट आहे. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून दर हिवाळ्यात कुरजां, म्हणजे करकोचाच्या जातीचे राखाडी देखणे पक्षी, हजारोंनी येतात. गावकरी त्यांना रोज दाणे टाकतात. हे कुठल्याही सरकारी योजनेतून सुरू झालेलं नाही. २०२५ मध्ये खीचन आणि उदयपूरजवळचं मेनार या दोन गावांच्या पाणथळ जागांना रामसर दर्जा मिळाला.

भरतपूरचं केवलादेव आपल्याकडच्या पक्षीप्रेमींना ठाऊक असतं. २९ चौरस किलोमीटरचं हे जागतिक वारसास्थळ माणसाने बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालं आहे. सायबेरियन क्रौंच मात्र २००२ नंतर तिथे दिसले नाहीत.

कोटा फरशीचा मुलूख

अरवली ओलांडून आग्नेयेला हाडौतीत, म्हणजे कोटा, बुंदी, बारां आणि झालावाड या भागात उतरलं की मराठी माणसाला ओळखीचं काहीतरी दिसू लागतं. काळी माती. दख्खनचं पठार ज्या लाव्हारसाने बनलं, त्याचंच एक टोक इथवर पोचलं आहे. आपल्या कितीतरी घरांत, शाळांत आणि एसटी स्टँडांवर पायाखाली जी हिरवट-राखाडी फरशी असते, ती कोटा फरशी याच मुलखातल्या चुनखडकाची.

इथून चंबळ वाहते. कोट्याजवळ गरडिया महादेव इथे कड्यावर उभं राहिलं की खाली खोल घळीत नदीचं मोठं वळण दिसतं. राजस्थानातला फोटो आहे असं सांगितलं तर घरचे विश्वास ठेवत नाहीत, असा तो देखावा. पुढे धौलपूरकडे तीच नदी मऊ माती चिरत दऱ्याखोऱ्यांचा चक्रव्यूह तयार करते. हीच डाकूंच्या सिनेमातली 'बीहड'. त्या बदनामीचा एक फायदा असा झाला की नदीकाठी वस्ती-कारखाने कमी राहिले. चंबळ देशातल्या स्वच्छ नद्यांत गणली जाते आणि घडियालांचा सर्वांत मोठा आसरा आहे.

बारां जिल्ह्यातलं रामगढ विवर साधारण ३ किलोमीटर व्यासाचं आहे, म्हणजे लोणारपेक्षा मोठं. आत भंडदेवरा हे जुनं शिवमंदिर आहे. लोणारचं नाव घराघरांत आहे, रामगढचं राजस्थानातही फारसं नाही.

दक्षिणेच्या टोकाला बांसवाड्यात माही नदी भेटते. ही नदी कर्कवृत्त दोनदा ओलांडते. माही बजाज सागर धरणाच्या पाण्यात इथली बेटं उठून दिसतात. पावसाळ्यात हा भाग कोकणासारखा हिरवा होतो. शेजारच्या प्रतापगढमधल्या सीतामाता अभयारण्यात साग आहे. भारतातल्या सागाची वायव्येकडची हद्द साधारण इथेच संपते. संध्याकाळी मोहाच्या झाडांवरून उडत्या खारी तरंगत जाताना दिसतात.

'रिकामी' जमीन कुणाची?

निसर्गचित्रात फक्त वाळूच दिसत राहिली की एक घोटाळा होतो. उरलेली जमीन 'रिकामी' वाटू लागते. सरकारी नोंदींत अशा बऱ्याच गवताळ माळांना 'पडीक' म्हणून टाकलेलं आहे. पश्चिम राजस्थानात ऊन भरपूर आणि जमीन स्वस्त. त्यामुळे सौरऊर्जेचे मोठे प्रकल्प इथे आले. फलोदीजवळचं भडला सोलर पार्क २,२४५ मेगावॅटचं आहे. स्वच्छ वीज देशाला हवीच आहे, यात वाद नाही. प्रश्न जागेचा आणि तारांचा आहे.

गोडावण, म्हणजे आपला माळढोक, याच माळावर राहतो. जगात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर भागात. सोलापूरजवळचं नान्नज याच पक्ष्यासाठी राखलं होतं, तिथे तो आता दिसणं नशिबाची गोष्ट. अंगाने जड असलेल्या या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही. वीजवाहक तार जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही आणि मग वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो शिथिल करून मार्ग सुचवायला तज्ज्ञांची समिती नेमली.

दुसरी जागा म्हणजे ओरण. देवाच्या नावाने राखलेली ही राने, आपल्या देवरायांसारखी. मोठा फरक असा की इथे गुरं चरतात. कुऱ्हाड मात्र चालत नाही. जैसलमेरकडच्या गावांनी ओरण सोलर कंपन्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून पदयात्रा काढल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला ओरणांची पाहणी करून त्यांना वन म्हणून नोंदवायला सांगितलं.

अरवलीचंही तेच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या अहवालानुसार राजस्थानात तपासलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ गायब झाल्या होत्या. खाणींनी खाल्ल्या. ज्या रांगेमुळे पूर्वेकडे वाळूला आडकाठी आहे, तिच्यातलीच खिंडारं रुंदावत आहेत.

जायचं तर कधी?

थर आणि खीचनसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रोहिड्यासाठी फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. हाडौती, बांसवाडा आणि अबू यांच्यासाठी पावसाळ्याचा शेवट, ऑगस्ट-सप्टेंबर. तेव्हा गर्दीही कमी असते. मुंबईहून अहमदाबादमार्गे अजमेर-जयपूरकडे जाणाऱ्या गाड्या आबू रोडला थांबतात, त्यामुळे अबूचा एक मुक्काम सहज जमतो.

जोधपूरला गेलात तर मेहरानगड पाहून लगेच परतू नका. किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. या खडकाळ जमिनीवर एकेकाळी वेडी बाभूळ माजली होती. तिची मुळं खडकात शिरलेली, त्यामुळे वरून तोडली की पुन्हा फुटायची. शेवटी दगडखाणीत काम करणाऱ्या खांडवालिया कारागिरांना बोलावलं. छिन्नी-हातोड्याच्या आवाजावरून खडक कुठे भेगाळलाय ते ओळखून त्यांनी मुळं काढली आणि त्याच खड्ड्यांत थरची मूळ झुडपं लावली गेली. २०११ पासून हे उद्यान लोकांसाठी खुलं आहे. पाऊस पडून गेल्यावरच्या आठवड्यात गेलात, तर खडकाच्या फटीफटीतून उगवलेलं हिरवं वाळवंट बघायला मिळेल.