पांझरेकाठचे पुनर्वसन

धुळ्याच्या नगररचनेचे सारे श्रेय सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि पांझरेच्या परिसरात त्यांनी काम केले, हे खरे. परंतु नव्या धुळ्याचा आरंभ त्याआधी पासष्ट वर्षांचा आहे; आणि तोही नुकत्याच सावरलेल्या एका ओसाड गावाच्या शेजारी. श्रेयाच्या चर्चेत हे सावरणेच नजरेआड होते.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला. पाठोपाठ १८०३चा दुष्काळ आला आणि धुळे निर्मनुष्य झाले. दुसऱ्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी गाव पुन्हा बसवले. त्याबद्दल त्यांना इनाम जमीन व काही हक्क मिळाले. पुढे सोनगीर आणि लळिंगचा कारभारही. ही भूतदया नव्हती, सौदा होता. रयत परतल्याखेरीज वसूल कोठून येणार?

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे ठरवले आणि जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्यांसाठी मंजुरी मिळवली. दूरदूरचे कारागीर आणून सुमारे २७,००० रुपयांत इमारती उभ्या राहिल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरांसाठी जागा कायमच्या बिनसाऱ्याने दिल्या गेल्या आणि पक्की घरे बांधण्यास जुन्या रहिवाशांना व नवागतांना आगाऊ रकमाही मिळाल्या. त्या वर्षी गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. हेतू व्यापारी ओढण्याचा असेल, साम्राज्याच्या सोयीचाही असेल. तरी उजाड गावाला इमारतींआधी माणसे लागतात, ही समज बाळाजी बळवंतांप्रमाणे ब्रिग्ज यांनाही होती.

मात्र या आखणीत नदीचा विचार कितपत होता? ब्रिग्ज यांनीच गावाचे वर्णन केले आहे ते एका बाजूस पाट आणि दुसऱ्या बाजूस नदी यांच्यामध्ये कोंडलेली, बागायतीने वेढलेली वस्ती असे. १८७२च्या गणतीत लोकसंख्या १२,४८९ भरली, आणि त्याच वर्षी पांझरेच्या महापुराने घरांची व मालमत्तेची मोठी हानी केली. ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्ये या पुराच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येते. कचेऱ्यांचा खर्च नोंदवणाऱ्या लेखणीला कोणाची घरे वाहिली, ती कोणी पुन्हा बांधली, हे सांगावेसे वाटले नाही. (शासकीय साधनांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाची कायमची अडचण ती हीच.) १८८१च्या गणतीत आकडा १८,४४९ झाला. शहर सावरले, एवढे त्यावरून म्हणता येते. पूरग्रस्त सावरले, असे म्हणता येत नाही.

पुढे वस्ती पलीकडच्या तीरावर देवपुरात फोफावली आणि नदी गावाची सीमा न राहता शहराच्या मधोमध आली. २०१९च्या ऑगस्टमध्ये पांझरेला पुन्हा मोठा पूर आला, तेव्हा देवपूर आणि जुने शहर यांच्यामधले पूलच पाण्याच्या वाटेत उभे होते.