हाय-गेन ॲम्प घ्यायचाय? वॅट नंतर बघा, आधी चॅनेल बघा

सोलापुरात घरी बसून मेटल किंवा हार्ड रॉक वाजवायचं म्हटलं की प्रश्न येतो ॲम्पचा. छोट्या प्रॅक्टिस ॲम्पमधून हवा तसा जाड आवाज निघत नाही. मग आकडा बघून १०० वॅटचा ॲम्प घरी आणला जातो आणि त्याचा व्हॉल्यूम २ च्या पुढे कधी जातच नाही. एवढे पैसे घालण्याआधी काय बघायचं, ते समजून घेऊ.

हाय-गेन म्हणजे नेमकं काय?

गिटारमधून येणारा सिग्नल फार बारीक असतो. ॲम्पच्या पहिल्या भागात, म्हणजे प्रीॲम्पमध्ये, तो टप्प्याटप्प्याने वाढवतात. एखाद्या टप्प्याला तो झेपेनासा झाला की सिग्नलची टोकं कापली जातात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. असे टप्पे जास्त असले की ॲम्प हाय-गेन होतो. त्यामुळे गेन आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मास्टर व्हॉल्यूमचा नॉब असेल, तर गेन भरपूर ठेवूनही हळू वाजवता येतं.

चॅनेल किती, यापेक्षा कसे?

क्लीन, क्रंच आणि लीड असे साधारण तीन प्रकारचे आवाज लागतात. गाणं चालू असताना पायाने फूटस्विच दाबून ते बदलायचे. दुकानात पहिला प्रश्न विचारा : प्रत्येक चॅनेलला बेस, मिडल, ट्रेबलचे नॉब वेगळे आहेत का?

पीव्ही कंपनीने १९९२ मध्ये एडी व्हॅन हेलनसोबत काढलेला ५१५० हा ॲम्प जगभर गाजला. पण त्याच्या दोन्ही चॅनेलना टोनचे नॉब एकच होते. एका चॅनेलला सूट होईल तसं लावलं की दुसऱ्यात तडजोड आलीच. पुढच्या ५१५० टू मध्ये ते वेगळे करण्यात आले.

दुसरा प्रश्न इफेक्ट्स लूपचा. तो असेल तर डिले आणि रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या नंतर जोडता येतात आणि आवाजाचा चिखल होत नाही.

मग वॅट किती?

स्पीकर तोच असेल, तर कानाला दुप्पट आवाज वाटायला साधारण १० पट वॅट लागतात. म्हणजे १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटपेक्षा फक्त ३ डेसिबलने मोठा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांची झोप वेगळीच!

त्यामुळे ताकद कमी करता येणारा ॲम्प घरासाठी बरा. उदाहरणार्थ, बॉस कटाना ५० हा ॲम्प अर्ध्या वॅटवरही चालवता येतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात कार्यक्रम असेल, तर ॲम्पसमोर माइक लावून आवाज साउंड सिस्टिममध्ये देता येतो. तिथेही १०० वॅटची गरज पडत नाही.

ट्यूब की बिनट्यूबचा?

ट्यूब ॲम्पचा आवाज अनेकांना जास्त आवडतो. पण तो जड असतो, तापतो आणि ट्यूब काही काळाने बदलाव्या लागतात. स्पीकर न जोडता तो चालू केला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर व्होल्टेज तपासा. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. देखभालीची तयारी नसेल तर सॉलिड स्टेट किंवा मॉडेलिंग ॲम्प घ्या.

अर्थिंग विसरू नका

हाय-गेन ॲम्प सिग्नलसोबत गुणगुणही वाढवतो. म्हणून काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. हे जिवावर बेतू शकतं, कारण तारांना सतत हात लागलेला असतो. पिन राहू द्या, घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

घेण्याआधी वाजवून बघा

सोलापुरात हवं ते मॉडेल मिळालं नाही, तर हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं. जाताना स्वतःचीच गिटार न्या. आधी क्लीन वाजवा, मग फूटस्विचने लीडवर जा. दोन्हींचा व्हॉल्यूम जुळतो का ते बघा. शेवटी घरी ठेवता तेवढाच आवाज ठेवून पाच मिनिटं वाजवा. तेवढ्या आवाजात जो ॲम्प आवडेल, तो घ्या.