'कोसला'चे चाहते आणि आम्ही दोघी

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचे वय २५ होते आणि कादंबरीच्या नायकाचे, पांडुरंग सांगवीकराचेही तेवढेच. तिच्या रचनेविषयी, भाषेविषयी, तिच्यावर चिकटवल्या गेलेल्या अस्तित्ववादाच्या चिठ्ठीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नेट-सेटच्या निमित्ताने त्यातले बरेचसे दरवर्षी पाठही केले जाते. आम्हांला येथे मागोवा घ्यायचा आहे तो या कादंबरीवर जीव टाकणाऱ्या वाचकांचा. वाङ्मयेतिहासात लेखकाला प्रकरण मिळते, समीक्षकाला परिच्छेद मिळतो. चाहत्याला मात्र तळटीपही मिळत नाही.

मराठीत चाहतेपण पूर्वीही होतेच. आमच्या नाशकात कुसुमाग्रजांविषयीचा आदर हा जवळजवळ गावाचा आचारधर्म आहे. पण तो आदर कवीविषयीचा, वडीलधाऱ्याविषयीचा. 'कोसला'ने जे घडवले ते निराळे. तिचा वाचक नेमाड्यांना नमस्कार करून थांबला नाही, तो पांडुरंगासारखा बोलू लागला. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन निरुपद्रवी शब्द वसतिगृहांच्या खोल्यांतून एखाद्या पंथाच्या खुणेसारखे फिरू लागले. (आजची मुले अशा वाचकाला गमतीने 'पंखा' म्हणतील. प्रकाश नारायण संतांच्या एका कथासंग्रहाचे नावही तेच असल्यामुळे वर्गात हा विनोद हमखास होतो.) बाबा भांड यांनी संपादित केलेला 'कोसलाबद्दल' हा ग्रंथ चाळला, तरी एका पहिल्या कादंबरीभोवती केवढी बोलाचाली झाली याची कल्पना येते.

हे त्याच काळात का घडावे? पुणे विद्यापीठ १९४९ चे, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. तालुक्यांच्या गावी महाविद्यालये निघत होती, उत्पन्नाच्या अटीवर फीमाफीची ई.बी.सी. सवलतही त्याच सुमारास आली. ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशी मुले ट्रंका घेऊन वसतिगृहांत दाखल झाली. तेथल्या प्रमाण बोलीपुढे त्यांची जीभ अडखळे. मेसचे हिशेब, वक्तृत्वमंडळे, गॅदरिंगे, नापास होणे, घरून येणारे पैसे आणि त्यांसोबत येणारी वडिलांची पत्रे हा सारा ऐवज साहित्याचा विषय होऊ शकतो, असे त्यांना तोवर कोणी सांगितले नव्हते. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला आलेल्या पांडुरंगाने ते सांगितले. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'शी (१९५१) 'कोसला'ची तुलना नेहमी होते. ती अगदीच गैर नाही. पण होल्डन शहरात भटकतो आणि पांडुरंग शेवटी गावी परततो, हा फरक आम्हांला मोठा वाटतो. आमच्या मुलांना परतायला गाव होते, आणि तेच त्यांचे दुखणे होते.

आम्ही दोघींनी 'कोसला' वाचली ती प्रकाशनानंतर पस्तीसेक वर्षांनी. १८४० पासूनची परंपरा असलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातली ती प्रत हाताळून मऊ झालेली होती आणि समासांत पेन्सिलीच्या खुणा होत्या. कोणीतरी आपल्याआधी नेमके येथेच थांबले होते, हे त्या खुणांवरून कळे. पुढे वर्षभर आम्ही एकमेकींना चिठ्ठ्या लिहिल्या त्या पांडुरंगाच्या भाषेत. त्यात एक विसंगती होती आणि ती आम्हांला तेव्हाही जाणवत होती. रात्री-बेरात्री टेकडीवर हिंडणे, कर्ज करणे, परीक्षेकडे पाठ फिरवणे, सगळ्यांतून अंग काढून घेणे हे पांडुरंगाचे तुटलेपण आम्हांला हवेहवेसे वाटे. पण दिवेलागणीच्या आत घरी पोचायचे असे. मुलगा वाया गेला तर तो परत येऊन ओसरीवर बसू शकतो. मुलीला वाया जाण्याची सोय त्या घरांत नव्हती.

म्हणूनच की काय, आमचे मन नायकाइतकेच, पुढेपुढे त्याहून अधिक, मनीपाशी अडकले. मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण. ती देवी येऊन जाते. आजच्या वर्गात 'देवी येणे' म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला, आणि रोगाबरोबर शब्दाचा तो अर्थही ओसरला. त्या मृत्यूनंतरची पाने मोठ्याने वाचताना आवाज स्थिर राहत नाही, हे वीस वर्षांच्या अध्यापनानंतरही खरे आहे. कादंबरीभर प्रत्येक गोष्टीची थट्टा करणाऱ्या पांडुरंगाची वाणी तेथे उघडी पडते. त्याची नक्कल करणाऱ्या चाहत्यांनी 'वगैरे' उचलले. हे दुःख उचलता येण्याजोगे नव्हते. नेमाडे-शैलीतल्या पुढच्या कित्येक कादंबऱ्या फिक्या का वाटतात, याचे कारण आमच्या मते हेच.

चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा वाचताना वडिलांची बाजू दिसू लागली, हेही नोंदवतो. पैसे पाठवणारा, पोराचे काय चालले आहे ते न कळणारा तो माणूस अठराव्या वर्षी निव्वळ जुलमी वाटला होता. आज त्याचा जुलूम कमी झालेला नाही. फक्त त्याची काळजीही ऐकू येते.

आमच्या आजच्या विद्यार्थ्यांना पांडुरंग फारसा रुचत नाही. 'सर्व काही मिळत असताना हा एवढा रडतो का?' असे एकीने विचारले. मालेगावकडच्या शेतकरी कुटुंबातून आलेल्या दुसरीचा प्रश्न त्याहून अवघड होता: 'मनी जगली असती, तर तिला पुण्याला पाठवले असते का?' समीक्षेच्या शिस्तीत हा प्रश्न बसत नाही. संहितेबाहेरचे विचारू नये असे आम्हीच शिकवतो. पण आवडत्या पुस्तकातली रिकामी जागा आपण भरून पाहावी, हा चाहत्याचा जुना हक्क आहे, आणि ही मुले इतर भाषांतल्या कथा-मालिकांच्या बाबतीत तो रोज बजावत असतात. तेव्हा सत्रान्त प्रकल्प म्हणून आम्ही तोच प्रश्न दिला: मनी मोठी झाली आहे, वसतिगृहात आहे, तिचे घरी पाठवलेले पत्र लिहा.

बावीस पत्रे आली. बहुतेकींनी तिला पुण्याऐवजी नाशिकला आणले, भुसावळकडून येणाऱ्या गाडीत बसवून. कोणी तिला शिष्यवृत्ती दिली, कोणी दादाचे कर्ज फेडायला लावले. एका पत्रात ती पहिल्याच वर्षी नापास झाली आहे, आणि तसे वडिलांना सरळ कळवून पुढच्या सहामाहीचे पैसे मागते आहे.